‘येते’ म्हटलं म्हणून

३ मार्च, सोमवार

दादा,

आधी ‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं होतं, मग तो कागद टाकून हा दुसरा घेतला. अकरा वर्षांनी एकदम साष्टांग घातला तर तुला वाटेल, हिला काहीतरी हवंय. हवंच आहे. पैसे नकोत, घाबरू नकोस.

तुमच्या कंपनीची जाहिरात पेपरात आली होती. खाली तुझं नाव, आणि नावाखाली ‘भरती विभाग प्रमुख’. म्हणजे माणूस कामावर घ्यायचा का आणि कितीवर घ्यायचा, हे आता तू ठरवतोस. मी पुढच्या आठवड्यात तुझ्यासारख्याच एकासमोर बसणार आहे. तिथे काय बोलायचं ते मला सांग. आपल्या घराण्यात हे फक्त तुला येतं.

मी अजून कवळ्याच करते. तू गेलास तेव्हा शिकत होते, आता आमच्या लॅबमधलं दात लावायचं सगळं काम माझ्याकडे असतं. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मग मेणावर एकेक दात बसवायचा. माणूस मला कधी दिसत नाही, पण तो हसल्यावर कसा दिसेल ते मी ठरवते. मालक चारचौघांत सांगतात, हिच्या हाताला तोड नाही. पगाराचा विषय काढला की त्यांना कमी ऐकू येतं. नऊ वर्षांत दोनदा काढला. जगाच्या तोंडात दात बसवणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. त्याला मी एकटी जबाबदार नाही. ‘मागून मिळते ती भीक’ हे वाक्य ऐकत आपण दोघंही वाढलो. तू ते मानलं नाहीस आणि बाबांना तोंडावर सांगितलंस, तुम्ही तीस वर्षं गोदामात कारकुनी केलीत आणि एकदाही मागितलं नाहीत, म्हणून आपण असे राहिलो. मग पिशवी उचललीस आणि दारात ‘जातो’ म्हणालास. बाबा म्हणाले, येतो म्हणावं. तू परत म्हणालास, जातो.

असो. नव्या लॅबकडून बोलावणं आलंय. मोठी आहे, काचेचं दार आहे, चाळीस माणसं कामाला आहेत. आत्ताच्या जवळजवळ दुप्पट देतील असं ऐकलंय. मला पैसे हवेतच, पण त्याहून एक गोष्ट जास्त हवी. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी साडेबाराला मला सोडलं पाहिजे. आत्ताचे मालक सोडतात, म्हणून तर कमी पगारात राहिले. हे मागायचं कसं?

बाबा बरे आहेत.

वरचं वाक्य राहू दे, खोडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन दुपारी त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. डाव्या हातात दोन सुया, चार तास खुर्चीत. ही दुपारची पाळी मिळायला सात महिने लागले, ती बदलून मिळत नाही. सुया काढल्यावर दहा मिनिटं कापूस अंगठ्याने दाबून धरायचा असतो. नर्सने दाबलेला त्यांना चालत नाही, मीच दाबायचा. त्या तीन दुपारी मला हव्यात. एवढंच मागायचं आहे, आणि ते कसं मागतात ते मला माहीत नाही.

मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. फोन नंबर कळव असं म्हणत नाही. कागदावर लिहिलंस तरी पुरे.

तुझी धाकटी


११ मार्च, मंगळवार

दादा,

पोचलं. चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. वर ‘प्रिय’ नाही, खाली नाव नाही. उमेदवारांना नकार पाठवतोस तो कागद यापेक्षा मायाळू असेल. पण पाठवलंस, ते खरं.

मी पाठ केलंय. पहिला आकडा आपण बोलायचा नाही. त्यांनी आकडा सांगितला की मनात वीसपर्यंत मोजायचं. तोंडी काही धरायचं नाही, कागदावर घ्यायचं. आणि चौथं, उठताना काही बोलायचं नाही, मान हलवून बाहेर पडायचं. चौथ्याचं कारण तू दिलं नाहीस. मला ते उद्धट वाटलं, पण तुझा धंदा तुला माहीत.

आज बाबांबरोबर तालीम केली. ते मशीनला लावलेले, मी शेजारी स्टुलावर. म्हटलं, बाबा, तुम्ही साहेब व्हा. त्यांनी मोकळ्या हाताने कॉलर नीट केली आणि म्हणाले, “बोला बाई, काय पाहिजे तुम्हाला?”

म्हटलं, “आठवड्यातून तीन दुपारी.”

“घ्या की.”

“अहो, असं लगेच द्यायचं नसतं.”

“का? तुम्हाला गरज आहे ना?”

शेजारच्या खुर्चीतले आजोबा हसायला लागले, त्यांचं मशीन वाजायला लागलं आणि नर्स येऊन मलाच ओरडली. असा साहेब मिळाला असता तर मी तुला पत्र कशाला लिहिलं असतं.

मग मी चारही नियम त्यांना सांगितले. पहिल्या तिन्हींना ते हं हं करत होते. चौथ्याला थांबले. “उठताना बोलायचं नाही? कुणी सांगितलं हे?” मी म्हटलं, पुस्तकात होतं. म्हणाले, “पुस्तक लिहिणाऱ्याला घरचं वळण नसणार.” मी कापूस दाबत होते तेव्हा हळूच विचारलं, “अक्षर कसं आहे?”

“कुणाचं?”

“पुस्तकाचं.”

म्हटलं, छापील आहे.

धाकटी


१४ मार्च, शुक्रवार

दादा,

जमलं रे. म्हणजे पुष्कळसं जमलं.

तिथला जो नेमणुकीचं बघतो त्याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय. दर वाक्याला ‘आपल्या माणसासारखं सांगतो’. समोर पाणी ठेवलं, बिस्किटं ठेवली, माझ्या कामाचे नमुने हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. शेजारी हिशेब बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्या नुसत्या लिहीत होत्या.

त्याने विचारलं, तुमची अपेक्षा किती? मी म्हटलं, तुमच्याकडे या कामाला काय देतात ते आधी कळू दे. माझ्या तोंडातून हे वाक्य आलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. त्याने आकडा सांगितला. मी मोजायला लागले. चौदाला पोचले तर तो आपण होऊनच वर चढला. दादा, तुम्हा लोकांना गप्प बसलेल्या बाईची एवढी भीती वाटते हे माहीत असतं तर मी जन्मभर गप्प बसून श्रीमंत झाले असते. वर्षाच्या सुट्ट्या मिळाल्या. आजारपणाचा विमा आहे, त्यात आईवडील धरतात. पण आधीपासूनच्या आजाराला दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे बाबांना सांगायचं, दोन वर्षं दम धरा, मग रीतसर आजारी पडा.

मग मी तीन दुपारी मागितल्या. कारण सांगितलं. तो हळहळला, त्याचे काकाही असेच गेले म्हणे. म्हणाला, “आमच्याकडे असं आजवर कुणाला दिलेलं नाही. पण मी वर विचारतो. तुम्हीही विचार करा.” मी म्हटलं, जे काय ठरेल ते कागदावर द्या. म्हणाला, देतो की. मी म्हटलं, कागद बघून मग सांगते. सगळं तुझ्या शाळेतल्यासारखं झालं.

एवढं करून मी उठले आणि सवयीने म्हटलं, “बरं, येते मी.”

तो उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “या, या.”

जिन्यात आल्यावर तुझा चौथा नियम आठवला. पण एवढ्यातेवढ्याने काय होतंय. दारातून मुक्याने बाहेर पडणं माझ्याच्याने झालं नसतं. बाबांना सांगितलं, तेही म्हणाले, बरोबर केलंस.

धाकटी


१९ मार्च, बुधवार

दादा,

तू चौथा नियम का घातला होतास ते सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

सोमवारी लॅबमध्ये गेले तर माझ्या जागेवर मालकांची पुतणी बसली होती. समोर माझं मेण, माझी सुरी, माझा स्पिरिटचा दिवा. मालक म्हणाले, “काय बाई, आम्हाला बाहेरून कळायचं का? शनिवारी फोन आला. तुमच्या बाई आमच्याकडे येतायत, कामाला कशा आहेत म्हणून.” मी म्हटलं, अहो, मी कुठे येते म्हटलं? ते म्हणाले, “त्यांनी तर सांगितलं, येते म्हणाल्या.”

मी माझी सुरी उचलली आणि परत तिथेच ठेवली.

पुतणी शिकून वर्षभर घरी बसली होती. मालक वाईट नाहीत. पण गेलं दीड वर्ष माझ्या तीन दुपारी त्यांना सलत असणार, आणि आयती सुटका मिळाली. म्हणाले, पोरीला शब्द दिलाय, महिनाअखेरपर्यंत तुम्ही राहा आणि तिला शिकवा.

घरी आले तर पत्र आलेलं. ‘आपण दिलेल्या तोंडी होकारानुसार’ अशी सुरुवात. पगार ठरल्यापेक्षा एक पैसा कमी नाही. आठवड्याचे सहा दिवस, नऊ ते सहा. दुपारींचं नावही नाही. शेवटी, एक तारखेला हजर व्हावे.

तशीच गोडबोल्याकडे गेले. म्हटलं, मी होकार कधी दिला? तो चकित झाला, किंवा त्याने तसं दाखवलं. “अहो, तुम्ही उठलात, म्हणालात बरं, येते. मी म्हटलं या. मी तर खूश झालो.”

“ते निघताना म्हणतात तसं म्हटलं होतं.”

“मी कसं ओळखायचं? माझ्यापुढे बसलेला माणूस येते म्हणाला की मी येते असंच धरणार.” मग हिशेबाच्या बाईंकडे वळून विचारलं, “तुम्ही ऐकलंत ना?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हो, येते म्हणाल्या.” खोटं नव्हतं ना ते. कुणीही खोटं बोललेलं नाही, हीच तर पंचाईत आहे. तो रोज पन्नास वेळा स्वतः ‘येतो’ म्हणून घरी जात असेल. पण हे त्याच्या तोंडावर सिद्ध कसं करायचं?

म्हटलं, मग माझ्या दुपारी? तर म्हणाला, “वर विचारलं. नाही म्हणाले. सहा महिन्यांनी बघू. आपल्या माणसासारखं सांगतो, सही करा. या जागेसाठी आलेल्या दुसऱ्या बाईंना मी नकार कळवून बसलोय.”

मी उठले आणि मान हलवून बाहेर पडले. त्या दिवशी तेवढं बरोबर केलं.

आता जुनी जागा गेली आणि नवीत दुपारी नाहीत. सही केली नाही तर बाबांच्या डायलिसिसच्या खर्चाचं काय, आणि केली तर त्यांना नेणार कोण? दोन दिवस डोकं चालत नाहीये. तुझा सल्ला नकोय आता. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं, हे मी मान्य करते.

धाकटी


२ एप्रिल, बुधवार

दादा,

सही केली. काल पहिला दिवस झाला.

बाबांसाठी एक सोबतीच्या बाई ठेवल्या आहेत. चांगल्या आहेत, धिप्पाड आहेत, एका हाताने बाबांना रिक्षात चढवतात. काल त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी घरी आले तर शर्टाच्या बाहीला कोपरापर्यंत रक्त. बाईंना त्यांनी कापूस दाबू दिला नाही, स्वतःच उजव्या हाताने दाबला, हात थरथरतो त्यांचा, सुटला. मी शर्ट भिजत घातला. ते म्हणाले, “तुझं काम कसं आहे?” मी म्हटलं, छान आहे. तिथे खरंच छान आहे दादा, उजेड आहे, खुर्चीला पाठ आहे. साडेबाराला मात्र हातातलं मेण थंड होऊन जातं आणि मी तशीच बसून राहते.

तीन आठवड्यांपूर्वी मला कुणापुढे काही मागता येत नव्हतं. तू शिकवलंस. तर आता तुझ्याकडेच मागते. पहिला आकडा बोलू नये म्हणतात, पण मी बोलते. चार आठवडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तेवढ्यात बाबांना बाईंची सवय होईल, नाहीतर मी गोडबोल्याच्या डोक्यावर बसून काहीतरी करून घेईन. तुला त्यांच्याशी बोलावं लागणार नाही. अंगठ्याने दहा मिनिटं दाबून धरायचं, बस. तू मोठा साहेब आहेस, रजा मागायची कशी हे तुला कुणी शिकवायला नको.

आता मी वीसपर्यंत मोजत बसते.

धाकटी


१६ एप्रिल, बुधवार

दादा,

तुझी चिठ्ठी सोमवारी आली. या वेळी हाताने लिहिलेली. ‘पत्रं मिळाली. इथे सध्या फार गडबड आहे, रजेचं अवघड दिसतं. बाबांना सांभाळ. येतो.’

मी ती चारपाच वेळा वाचली. रजेचं अवघड दिसतं, आणि येतो. हे येतो कुठलं आहे? माणूस गाडीत बसून येतो ते, की दारातून निघताना म्हणतात ते? तू रजा नाही म्हणून निरोप घेतलास, की रजा नसली तरी निघतोयस? एरवी मी लगेच ओळखलं असतं. पण महिन्यापूर्वी याच शब्दाने माझं सगळं गेलंय, आता माझा माझ्या कानांवर भरवसा नाही.

मी चिठ्ठी लपवायला हवी होती. बाबांनी पाकीट आधीच पाहिलं होतं. म्हणाले, दे इकडे. चष्मा लावला आणि बोट ठेवून शेवटचा शब्द वाचला. म्हणाले, “येतो म्हणालाय. शिकला शेवटी.”

काल मंगळवार. एक वाजता सोबतीच्या बाईंचा फोन आला, आजोबा उठत नाहीत. मी गोडबोल्याला न विचारता धावले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून, दाराकडे तोंड करून बसले होते. म्हटलं, बाबा, चला, मी आलेय. म्हणाले, “तू कामावर जा. तो येतोय ना, त्याच्याबरोबर जाईन.”

“अहो, तो कधी येणार ते त्याने लिहिलं नाहीये.”

“येतो म्हणाला म्हणजे येतो.”

हात धरला तर सोडवून घेतला. मी रडले, तरी ऐकेनात. त्यांना या दोन वर्षांत इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे रागावताही येईना. पाळी गेली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक चुकलं ते चुकलं, दुसरं चुकवू नका, पाणी फुप्फुसात चढतं. दुसरं उद्या आहे. आज सकाळी त्यांचे पाय सुजले होते, बुटाचे बंद मी सैल केले. बूट काढू देत नाहीत.

जाहिरातीतल्या नंबरावर तुझ्या ऑफिसात दोनदा फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, साहेब बाहेर गेलेत. कुठे? ते सांगता येणार नाही. कधी येतील? ते माहीत नाही. बाबांना मी हे सांगितलं नाही. ते लगेच म्हणाले असते, बघ, निघाला.

हे पत्र सर्वांत जलद कुरियरने पाठवतेय. तू निघालेला असशील तर तुला ते मिळणार नाही, आणि देव करो, न मिळो. उद्या साडेबाराला मी परत घरी असेन, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. त्यांना उचलून न्यायला सोबतीच्या बाई तयार आहेत. पण मशीनला हात द्यायचा की नाही, हे बाबाच ठरवणार, आणि तो हात ते तुझ्यासाठी राखून बसलेत.

तू तिथे बसून हे वाचत असशील तर माझं एक काम कर. तूच शिकवलंस, तोंडी काही धरायचं नाही, कागदावर घ्यायचं. मग कागदावर तारीख दे. वार लिही, गाडीची वेळ लिही. ते जमत नसेल तर त्यांना तुझ्या हाताने ‘जातो’ असं लिहून पाठव. मी ते त्यांच्यासमोर धरेन. तो शब्द त्यांनी तुझ्या तोंडून दोनदा ऐकलाय, तो त्यांना बरोबर कळतो. त्यानंतर तरी ते बूट काढतील आणि माझ्याबरोबर चालतील.

धाकटी